विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडं चालणारी हार्ड डिस्क: घेण्याआधी काय बघायचं आणि घेतल्यावर कुठल्या क्रमानं काय करायचं

सांगली-मिरजेत लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांपासून इंजिनिअरिंगच्या पोरांपर्यंत सगळ्यांचा घोळ एकच असतोय. डिस्क आधी घ्यायची, रात्रभर बसून डेटा भरायचा, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की कळतं, फाईली दिसतायत पण नवीन काही टाकता येत नाही, नाहीतर थेट ‘डिस्क फॉरमॅट करा’ असा मेसेज येतोय. मग ‘डिस्क खराब निघाली’ म्हणून दुकानदाराशी भांडण. डिस्कमध्ये बहुतेक वेळा काहीच खराब नसतं, फॉरमॅट चुकलेला असतोय. दुकानदारानं ‘मॅकला चालतंय’ सांगितलेलं असतं, ते पण खोटं नसतं, फक्त अर्धं असतं.

नवी डिस्क म्हणजे कोरी वही. एकेरी रेघ, दुरेघी की चौकटी, ते रेघा आखल्यावर ठरतं, आणि त्या रेघा म्हणजे फॉरमॅट. म्हणून खरेदी ही पहिली पायरी नाहीच. आधी यादी, मग फॉरमॅट ठरवणं, मग दुकान, मग रिकाम्या डिस्कवर तपासणी, आणि डेटा सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की काम दुप्पट होतंय.

१. आधी कागदावर मशीनची यादी करा

डिस्क कुठं कुठं लागणार आहे ते सगळं लिहा. घरचा लॅपटॉप आणि ऑफिसचा पीसी लोक लिहितात, पण हॉलमधला टीव्ही, अल्बम डिझाईन करणारा, फ्लेक्सवाला, पुण्यात नोकरीला असलेल्या बहिणीचं मॅकबुक, कॉलेजच्या लॅबमधलं उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) हे सगळं विसरतात आणि नेमकी तिथंच अडचण येते. प्रत्येक मशीनपुढं तीन गोष्टी लिहा:

- सिस्टीम कुठली आणि व्हर्जन कुठलं
- तिथं फाईली नुसत्या बघायच्यात की नवीन टाकायच्यात पण
- पिन कुठली आहे, जुनी चपटी यूएसबी की टाईप-सी

दुसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. ‘मॅकवर दिसली ना, मग झालं’ असं समजून लोक पुढं जातात, पण दिसणं वेगळं आणि त्यावर लिहिता येणं वेगळं.

व्हर्जन एवढ्यासाठी की आपण पुढं बहुतेक जण एक्सफॅट नावाच्या फॉरमॅटवर येणार आहोत, आणि ते विंडोज ७ पासनं पुढं सरळ चालतंय, मॅकवर १०.६.५ पासनं पुढं, उबुंटूवर २०.०४ पासनं पुढं काही न टाकता. एखाद्या प्रेसमध्ये अजून विंडोज एक्सपीचा डबा चालू असेल (असतात, आणि त्याच्यावरच सगळं कटिंग मशीन चालत असतंय) तर त्याच्यासाठी वेगळा पेनड्राईव्ह ठेवा. त्या एका मशीनसाठी अख्ख्या डिस्कचा फॉरमॅट जुना करू नका.

२. फॉरमॅट ठरवा, दुकानात जायच्या आधी

एनटीएफएस: विंडोजचा स्वतःचा. विंडोजवर एकदम भक्कम, लिनक्सवर पण वाचता-लिहिता येतंय. मॅकवर मात्र नुसतं वाचता येतं. वरनं वेगळं सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय मॅक त्यात एक अक्षर लिहू देत नाही. बाजारातल्या बऱ्याच डिस्क याच फॉरमॅटमध्ये येतात, त्यामुळं मॅकवाल्यांचा पहिला दणका इथंच बसतो.

एपीएफएस आणि मॅकचा जुना एचएफएस प्लस: फक्त मॅकसाठी. विंडोजला लावलं की ती ही डिस्क ओळखतच नाही आणि फॉरमॅट करू का विचारते. खोक्यावर ‘फॉर मॅक’ लिहिलेली डिस्क म्हणजे आत काही वेगळं यंत्र नसतंय, तीच डिस्क मॅकच्या फॉरमॅटमध्ये दिलेली असते. त्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

ईएक्सटी ४: लिनक्सचा. विंडोज आणि मॅक दोन्ही त्याला सरळ हात लावत नाहीत.

फॅट ३२: जवळजवळ सगळीकडं चालतं, पण एक फाईल ४ जीबीच्या वर जात नाही. लग्नाचा फायनल व्हिडिओ ४ जीबीत बसत नाही, त्यामुळं ८० टक्के कॉपी होऊन अडकलं असं होत नाही तर सुरुवातीलाच ‘फाईल फार मोठी आहे’ म्हणून सांगतं. डिस्कमध्ये ७०० जीबी मोकळे दिसतायत तरी बसत नाही, म्हणून माणूस चक्रावतो. मोठ्या डिस्कला हा फॉरमॅट नको.

एक्सफॅट: विंडोज, मॅक, नवीन लिनक्स तिन्हीकडं वाचता-लिहिता येतंय, ४ जीबीची अट नाही. यादीत मॅक आणि विंडोज दोन्ही असतील आणि दोन्हीकडं लिहायचं असेल तर हाच घ्या, जास्त विचार करू नका.

पण एक्सफॅटच्या दोन खोडी माहीत पाहिजेत. पहिली, त्याच्यात जर्नल नसतंय. म्हणजे लिहिता लिहिता लाईट गेली किंवा केबल निघाली तर अर्धवट काम कुठवर आलं होतं याची नोंद एनटीएफएस ठेवतं, एक्सफॅट नाही ठेवत. त्यामुळं डिस्क नीट इजेक्ट करणं (कॉम्प्युटरला सांगून मग काढणं) इथं सक्तीचं आहे, त्यावर पुढं सविस्तर आहेच. दुसरी, बारक्या फाईलींना ते जागा फार खातं. विंडोजवर मोठी डिस्क एक्सफॅट केली की डिफॉल्ट एक खण १२८ केबीचा असतो, आणि ५ केबीची फाईल पण अख्खा खण अडवते. अशा १० हजार फाईली म्हणजे खरा डेटा ५० एमबी, पण जागा जाते सव्वा जीबीच्या आसपास. फोटो-व्हिडिओवाल्यांना फरक पडत नाही. कोडिंगचे प्रोजेक्ट किंवा जुन्या ऑफिसच्या हजारो बारक्या फाईली असतील तर झिप करून टाका. लिनक्सवाल्यांसाठी अजून एक, परमिशन आणि सिमलिंक एक्सफॅटवर टिकत नाहीत, त्यामुळं प्रोजेक्टचा बॅकअप टार करूनच ठेवा.

यादीत मॅक नसेलच, नुसतं विंडोज आणि लिनक्स असेल, तर एनटीएफएस ठेवा, ते जास्त सुरक्षित. सगळं मॅकच असेल तर एपीएफएस.

> थांबा: मॅकचं टाईम मशीन बॅकअप याच डिस्कवर घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या. टाईम मशीन एक्सफॅटवर चालत नाही, ते डिस्क पुसून मॅकच्या फॉरमॅटमध्ये करायला मागतं, आणि घाईत ‘हो’ दाबणारे कमी नाहीत. त्यासाठी वेगळी डिस्क घ्या.

३. दुकानात काय बघायचं

एचडीडी (फिरती हार्ड डिस्क) की एसएसडी (आत काही न फिरणारी): नुसतं साठवून कपाटात ठेवायचं असेल तर फिरती हार्ड डिस्क स्वस्त पडते. रोज बॅगेत, गाडीवर, कराड-सातारा-पुणे एसटीनं जात असेल तर एसएसडी, कारण चालू असताना धक्का बसला की फिरत्या डिस्कचं काही खरं नाही.

पिन आणि केबल: मॅकबुकच्या बऱ्याच मॉडेलला फक्त टाईप-सी असतं आणि स्वस्त डिस्कसोबत जुन्या यूएसबीची केबल येते. कनेक्टर किंवा दुसरी केबल लागणारच, ती त्याच दिवशी घ्या. केबल घेताना बघा, मोबाईल चार्जिंगची टाईप-सी केबल दिसायला तशीच असते पण तिच्यातनं डेटा बहुतेक यूएसबी २ च्याच स्पीडनं जातो. फरक किती पडतो तर ५०० जीबी कॉपी करायला यूएसबी ३ वर साध्या हार्ड डिस्कला सव्वा तासाच्या आसपास, यूएसबी २ वर चार तास. जुन्या पीसीला मागच्या बाजूला निळं पोर्ट असेल तर शक्यतो ते यूएसबी ३ असतंय, पुढच्या पोर्टला लावून ‘डिस्क स्लो आहे’ म्हणू नका.

पॉवर: खिशात मावणारी अडीच इंची डिस्क यूएसबीवरच चालते. मोठी साडेतीन इंची असते तिला वेगळा अ‍ॅडाप्टर लागतो, म्हणजे लाईट गेली की ती बंद. दुकान चालवत असाल आणि यूपीएस नसेल तर छोटीच घ्या. स्वस्तातल्या हबला डिस्क लावली आणि टकटक आवाज यायला लागला तर आधी हब काढून सरळ लॅपटॉपला लावा, बऱ्याचदा पॉवर पुरत नसते.

साईज: खोक्यावर १ टीबी आणि विंडोजवर ९३१ जीबी दिसलं की फसवलं असं नाही. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं. तीच डिस्क मॅकवर १ टीबी दाखवते.

बोगस माल: ऑनलाईन कुठंतरी १६ टीबीची एसएसडी हजार-दोन हजारात दिसते. ती घेऊ नका, विषय संपला. तसल्या डब्यात बारकं मेमरी कार्ड असतं आणि कॉम्प्युटरला साईज खोटी सांगितलेली असते. भरत जाताना पहिल्या फाईली ठीक, पुढच्या सगळ्या कचरा.

बिल: सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या, आणि तो नंबर कंपनीच्या साईटवर टाकून वॉरंटी किती शिल्लक आहे ते तिथंच मोबाईलवर बघा. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा मिळत नाही, हे ध्यानात ठेवा. अजून एक गोष्ट कोण सांगत नाही, काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं पोर्ट आतल्या डिस्कच्या बोर्डावरच असतंय. पिन मोडली तर आतली डिस्क काढून दुसऱ्या डब्यात लावायची सोय राहत नाही. म्हणून केबल लावलेली डिस्क टेबलावरनं लोंबकळत ठेवू नका.

४. घरी आणल्यावर, फॉरमॅटच्या आधी

विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून डिस्कची तब्येत बघा, ‘गुड’ आलं पाहिजे आणि चालू झालेले तास नगण्य पाहिजेत. नव्या डिस्कवर शेकडो तास दिसले तर ती नवी नाही, लगेच परत न्या. शंका असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट टूल अख्खी डिस्क भरून परत वाचून बघतं, मॅक आणि लिनक्सवर त्याच कामाला एफथ्री आहे. १ टीबीला लिहायला तीन तास आणि वाचायला तीन तास धरा. कंटाळवाणं आहे, पण लग्नाचा डेटा टाकायच्या आधी कंटाळा आलेला बरा.

५. फॉरमॅट मारणे

> आधी हे करा: बाकीच्या सगळ्या हार्ड डिस्क, पेनड्राईव्ह, कार्ड काढून ठेवा. एकच बाहेरची डिस्क लावलेली पाहिजे. चुकीची डिस्क फॉरमॅट होण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतंय.

विंडोजवर: स्टार्टवर राईट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. खालच्या चित्रात आपली डिस्क साईजवरनं ओळखा, नावावर जाऊ नका. डाव्या बाजूच्या खोक्यावर राईट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये, व्हॉल्यूम्सच्या टॅबवर पार्टिशन स्टाईल (डिस्कचे भाग पाडायची पद्धत, जीपीटी नाहीतर एमबीआर) बघा. डिस्क २ टीबीपेक्षा मोठी असेल तर जीपीटीच पाहिजे, एमबीआरला त्याच्या वरची जागा वापरता येत नाही. मग पार्टिशनवर राईट क्लिक, फॉरमॅट, एक्सफॅट. अ‍ॅलोकेशन युनिट (मघाचा तो खण) डिफॉल्टच ठेवा, कुणीतरी व्हिडिओत मोठं करायला सांगतं म्हणून वाढवू नका, फार मोठं केलं की मॅक ती डिस्क उघडत नाही. नाव इंग्रजीत, ११ अक्षरांच्या आत. क्विक फॉरमॅटची टिक राहू दे.

मॅकवर: डिस्क युटिलिटी उघडा आणि सगळ्यात आधी व्ह्यू मेनूमधनं ‘शो ऑल डिव्हायसेस’ करा. ही पायरी सगळे गाळतात. ती गाळली की डावीकडं नुसता आतला व्हॉल्यूम दिसतो आणि तोच इरेझ केला जातो, स्कीम बदलायचा पर्याय येतच नाही. सगळ्यात वरचं, कंपनीचं नाव असलेलं डिव्हाईस निवडा, इरेझ, फॉरमॅट एक्सफॅट, स्कीम ‘जीयूआयडी पार्टिशन मॅप’ (म्हणजेच जीपीटी). नंतर विंडोजवर एक २०० एमबीचं बारकं पार्टिशन दिसेल, ते मॅकनं केलेलं असतंय, त्याला हात लावू नका.

लिनक्सवर पण करता येतं, पण तुमच्याकडं विंडोज असेल तर तिथंच करा, सगळीकडं चालायची शक्यता जास्त. टीव्हीचं एक वेगळं दुखणं आहे, काही जुने टीव्ही जीपीटी ओळखत नाहीत आणि काहींना एक्सफॅट कळत नाही. तुमच्या टीव्हीचं मॅन्युअल बघा, आणि नसेलच चालत तर टीव्हीसाठी फॅट ३२ चा पेनड्राईव्ह वेगळा. टीव्हीनं ‘फॉरमॅट करू का’ विचारलं तर रिमोटवरचं ओके दाबायचं नाही.

६. रिकामी असतानाच सगळीकडं फिरवा

हे कुणीच करत नाही, आणि लेख लिहायचं खरं कारण हीच पायरी आहे. डिस्कवर ‘टेस्ट’ फोल्डर करून त्यात तीन गोष्टी टाका: ५ जीबीच्या वरचा एक व्हिडिओ, मराठी नाव असलेली एक फाईल, आणि एक साधी वर्ड फाईल. आता यादी घेऊन प्रत्येक मशीनवर:

- व्हिडिओ मधनंच पुढं ढकलून चालतोय का
- मराठी नाव नीट दिसतंय का
- वर्ड फाईल उघडून एक ओळ लिहून सेव्ह होते का
- त्या मशीनवरनं एक नवीन फाईल टाकून, इजेक्ट करून, परत लावल्यावर ती दिसते का

चारही झालं तर त्या मशीनपुढं टिक. स्टुडिओ किंवा प्रेस लांब असेल तर फोन करून नुसतं ‘चालेल का’ विचारू नका, जाऊन लावून बघा, आणि रिकामी डिस्क असल्यानं व्हायरसची पण भीती नाही, परत आल्यावर फॉरमॅट मारला की मोकळे.

व्हायरसवरनं आठवलं, झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानात भरलेली मोठी डिस्क कधीच न्यायची नाही. दिवसभरात ढीगभर पेनड्राईव्ह लागलेल्या त्या पीसीवर शॉर्टकट व्हायरस पडलेला असतोय आणि घरी येऊन बघितलं तर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले. पाहिजे तेवढी फाईल पेनड्राईव्हवर घ्या. आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर गिचमिड दिसला तर त्यात डिस्कचा दोष नाही, तिथं फॉन्ट नाही एवढंच. पीडीएफ करून न्या.

७. आता डेटा टाका

कट-पेस्ट नाही, कॉपी. कॉपी झाली की दोन्हीकडच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाईलींची संख्या आणि बाईट जुळवा, अध्येमध्ये दोन-चार फाईली उघडून बघा, मगच मूळ पुसायचा विचार. पीसीला यूपीएस नसेल तर मोठी कॉपी लॅपटॉपवरनं करा, आपल्याकडं पावसाळ्यात लाईटचा काय भरवसा.

फाईलीच्या नावात कोलन, प्रश्नचिन्ह, स्टार, तिरकी रेघ, अवतरण चिन्ह टाकू नका. मॅकवर ‘हळद घरची?’ असलं नाव खुशाल चालतं, पण तीच फाईल विंडोजवर गेली की नाव विचित्र दिसतं नाहीतर कॉपीच अडते. फोल्डरच्या आत फोल्डर करत दहा पायऱ्या खाली जाऊ नका, विंडोजवरच्या बऱ्याच प्रोग्रॅमना सगळा पत्ता मिळून २६० अक्षरांच्या वर झेपत नाही. मॅकला लावल्यावर विंडोजवर टिंब आणि अंडरस्कोरनं सुरू होणाऱ्या बारक्या फाईली दिसतात, तो व्हायरस नाही.

८. काढताना

विंडोज १० च्या २०१८ मधल्या अपडेटपासनं ‘क्विक रिमूव्हल’ डिफॉल्ट झालं, त्यामुळं नुसती ओढून काढायची सवय लोकांना लागलीय. एनटीएफएसवर निभावतंय, एक्सफॅटवर आणि तेही मॅकसोबत वापरताना कधीतरी अंगाशी येणार. इजेक्ट करा, ‘आता काढू शकता’ येऊ दे, डिस्कवरचा लाईट थांबू दे, मग काढा. ‘डिस्क वापरात आहे’ म्हणत असेल तर उघडे प्रोग्रॅम बंद करा, तरी ऐकत नसेल तर कॉम्प्युटर पूर्ण बंद करून काढा.

ओढून काढल्यावर मॅकला डिस्क दिसेनाच झाली तर लगेच घाबरू नका. मॅक मागच्या मागं ती तपासत असतो, मोठ्या डिस्कला बराच वेळ घेतो, थांबा. नाहीच आली तर विंडोजला लावून प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. पण त्याआधी डिस्क टकटक करत असेल किंवा फाईली अर्ध्याच दिसत असतील तर कसलीच दुरुस्ती चालवू नका, निघतंय तेवढा डेटा आधी बाहेर काढा.

> तपासा: ‘यू नीड टू फॉरमॅट द डिस्क’ आलं की उत्तर एकच, कॅन्सल. कदाचित ती मॅकची डिस्क असेल आणि आतला डेटा शाबूत असेल.

९. डिस्क आधीच भरलीय आणि फॉरमॅट चुकलाय, मग?

एनटीएफएसचं एक्सफॅट डेटा न जाता करून देतो असं सांगणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादाला लागू नका. विंडोजमध्ये जे कन्व्हर्ट आहे ते फॅटकडनं एनटीएफएसकडं जातं, उलटं नाही. सरळ रस्ता एकच: सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर कॉपी, जुळवणी, मग पाचवी-सहावी पायरी, मग परत आणणे. दुसरी डिस्क उसनी मिळत असेल तर बघा, नाहीतर विकतच घ्या, तशीही ती लागणारच आहे. एकाच डिस्कवर असलेला डेटा म्हणजे बॅकअप नव्हे. आणि ती दुसरी डिस्क त्याच टेबलाच्या खणात ठेवू नका, २०१९ च्या पुरात सांगलीत हरभट रोड, मारुती चौकाकडच्या दुकानांत पाणी शिरलं होतं, तळमजल्यावर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन डिस्क एकदमच भिजतात. वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या गावातल्या पाहुण्यांकडं ठेवा, आणि दिवाळीला गेलात की लावून एकदा उघडून बघा.